मीटरवालीचा घास

साराबुलाक गावात उपाशी मरायचं म्हटलं तर माणसाला फार मेहनत घ्यावी लागते. तुम्ही पाहुणे असा, टपालवाले असा की वाट चुकून अंगणात शिरलेले परके, नानचा तुकडा तोंडात टाकल्याशिवाय कुठल्याही दारातून तुमची सुटका नाही. घाई आहे म्हणा, आत्ताच जेवलो म्हणा, दाढ दुखतेय म्हणा. "अन्नापेक्षा कुणी मोठं नसतं," एवढं एकच वाक्य घरची बाई ऐकवते आणि नानवर साय, सायीवर जर्दाळूचा मुरंबा असा थर रचून हात पुढे करते. न खाता गेलात तर त्या घराची बरकत तुमच्या पाठोपाठ निघून जाते म्हणतात. आता कुणाच्या बरकतीचा खून डोक्यावर घ्यायचा? माणूस मुकाट्यानं तोंड उघडतो.

अशा गावात उमसुनायच्या वाट्याला दोन गोष्टी आल्या. एक म्हणजे विजेचे मीटर वाचायची नोकरी. त्यामुळे महिन्यातून एकदा प्रत्येक दारात उभं राहणं आलं. दुसरा साखरेचा आजार, तोही गोळ्यांवर भागणारा साधा नव्हे, रोज सुया टोचून घ्यायचा. वरच्याला विनोदाचं अंग नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा आमच्या गावी येऊन जावं.

तिसऱ्या बाळंतपणानंतर ती वाळून काटकी झाली. रात्रभर पाणी पीत बसायची, आणि एक दिवस गोठ्यातच कोसळली. जिल्ह्याच्या दवाखान्यातून परत आली ती इन्सुलिनची पेनं, बोट टोचून साखर मोजायचं चिमुकलं यंत्र आणि डॉक्टरांच्या सूचना घेऊन. हा आजार कशानं झाला याबद्दल गावात दुमत नव्हतं, चारपाच मतं होती. बहुतेकांच्या मते ती कशाला तरी घाबरली होती. साखर भीतीनंच लागते हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, डॉक्टरांनाच तेवढं ठाऊक नसतं. म्हणून तिच्या डोक्यावर पाण्याचं भांडं धरून त्यात वितळलेलं शिसं ओतलं, शिशाचा जो गोळा झाला तो कुत्र्यासारखा दिसतो, म्हणजे ती कुत्र्याला घाबरली असं ठरलं, आणि गावातल्या एका निरपराध कुत्र्याला बिचाऱ्याला दुसऱ्या गावी सोडून आले. साखर होती तिथंच राहिली. मग तुतीचा पाला आला, मारमोट नावाच्या डोंगरी खारीची चरबी आली, घोडीचं आंबवलेलं दूध आलं. फुकटचा सल्ला द्यायला आमच्याकडे कुणाला शिकावं लागत नाही.

पथ्याबद्दल तर विचारायलाच नको. साखर म्हणजे दुकानातली पांढरी, एवढी एकच साखर गावाला मान्य होती. मध हे औषध. वाळवलेले जर्दाळू हे फळ. घरच्या झाडाचा, घरच्या बाईनं ढवळलेला मुरंबा हा तर घरचाच. आणि नान? नाननं कधी कुणाचं वाईट केलंय? उमसुनाय पहिल्या वर्षी दारोदार समजावत हिंडली, की नान पोटात गेला की त्याची साखरच होते. बायकांनी माना डोलावल्या, हळहळल्या आणि आणखी एक तुकडा पुढे केला, बिचारी एवढी बोलली, दमली असेल म्हणून.

दुसऱ्या वर्षी तिनं युक्ती केली. घास गालात धरायचा, गल्लीच्या वळणावर तो हळूच काढून खिशात टाकायचा. आता नान उकिरड्यावर टाकणं म्हणजे पाप, म्हणून खिसा भरला की ती तो नवऱ्याच्या गाढवाला चारायची. शार्शेनचं गाढव त्या वर्षी असं काही फुगलं की लोक थांबून बघायला लागले. पण कुणीतरी पाहिलंच. आमच्या घरचा नान एजे गाढवाला घालते, ही बातमी वाऱ्यानं नेली नसेल इतक्या लांब बायकांनी नेली. घराघरातून तोंडं फिरली. मोठ्या बहिणीच्या मानानं सगळ्यांनी एजे म्हणायची ती बाई, तिच्याकडे महिनाभर कुणी धड बघेना. तेव्हापासून उमसुनायनं हात टेकले. तुम्ही खाऊ घालणारच ना? मग घाला.

तिनं आपलं शास्त्र वेगळं बसवलं. खालची आळी हाताला आखडती, तिथं साय पातळ आणि मुरंबा नावाला. त्या दिवशी सकाळची सुई थोडी. वरच्या आळीत मात्र बायकांची चढाओढ, तिथं सुई भरपूर. वरच्या आळीतल्या म्हाताऱ्या सैकाल आपांचं एक घर दोन घरांएवढं धरायचं. सकाळी घरी काही खायचं नाही, बोट टोचून आकडा बघायचा, पहिल्या घराच्या कुंपणाआड उभं राहून झग्याआडून पोटात सुई घ्यायची आणि मग गावाच्या स्वाधीन व्हायचं. दवाखान्यातल्या बाईनं तिला बजावलं होतं, की पिशवीत नेहमी साखरेचे खडे ठेव, सुई घेतल्यावर खाणं चुकलं तर साखर झपाट्यानं उतरते, घाम फुटतो, हात कापतात, वेळेत गोड पोटात गेलं नाही तर माणूस जागचा उठत नाही. सुरुवातीला ठेवलेही. ते तिच्या मुलांनी खाल्ले. मग तिनंच सोडून दिलं. साराबुलाकमध्ये पिशवीत साखर घेऊन फिरणं म्हणजे सरोवरावर जाताना घरून घागर भरून नेणं. जिथं लोक झोपेतही मुरंबा भरवतील तिथं उपाशी कोण राहणार?

बरीच वर्षं हे जमलं. जमलं म्हणजे आकडे कधी चढले, कधी उतरले, रात्री एक सुई, खाण्याआधी एक सुई, बोटांची टोकं जाड झाली, आणि ती जगली. मग त्या वर्षी थंडी संपता संपता तिच्या रबरी बुटानं टाचेला फोड आणला. साखरवाल्यांच्या पायाचा फोड म्हणजे काय ते ज्याचं जळतं त्यालाच कळतं. फोड चिघळला, ताप भरला, पाय काळा पडतो की काय अशी वेळ आली. तिला जिल्ह्याला नेलं. पाय वाचला, पण बरेच दिवस तिथं राहावं लागलं.

इकडे गावच्या आरोग्य केंद्रातली नर्स ऐचुरोक भडकली. भडकावं असंच होतं, त्यात तिचा काही दोष नाही. तिनं शाळेच्या मोठ्या खोलीत बायकांची सभा घेतली आणि स्वच्छ सांगितलं, की तुम्ही उमसुनाय एजेला घासाघासानं मारताय. तुमचा नान, तुमचा मुरंबा, तुमचं प्रेम हेच तिचं विष. बायका रडल्या. आमच्या बायका रडायला लागल्या की मनापासून रडतात, मग पुढचं काही ऐकू येत नाही. ऐचुरोक पुढं हेही सांगत होती, की साखर चढते तशी उतरतेही, आणि उतरली की एजेला घाम सुटेल, ती थरथरेल, चिडेल, तेव्हा क्षणाचाही उशीर न करता तिला गोड द्या. पण तोवर चहा आला होता. साखरेच्या आजारावरच्या त्या सभेत चहाबरोबर कणकेचे तळलेले बोरसोक, दोन तऱ्हेचे मुरंबे आणि चांदीच्या कागदातल्या गोळ्या होत्या. कोण ऐकतंय?

चहानंतर सर्वांनी तळहात वर करून दुवा मागितली, उमसुनाय बरी होवो, आणि आजपासून आमच्या हातून तिच्या तोंडात गोडाचा कण जाणार नाही. ओमिन म्हणून सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. असा दिलेला शब्द मोडायचा नसतो. हे उमसुनायला कळवावं असं मात्र कुणाला सुचलं नाही. आधी तिला कशाला ओशाळं करायचं, येईल तेव्हा बघेलच. ऐचुरोक दुसऱ्याच आठवड्यात कसल्याशा प्रशिक्षणाला शहरात निघून गेली. सभेला एकट्या सैकाल आपा गेल्या नव्हत्या. जिथं मांस शिजत नाही तिथलं आमंत्रण त्या आमंत्रण धरत नाहीत.

उमसुनाय परत आली आणि वरच्या आळीच्या फेरीला निघाली. सकाळचा आकडा चांगला होता. तिनं नेहमीसारखी कुंपणाआड सुई घेतली, भरपूर घेतली, वरची आळी होती. पहिल्या घरात शिरली. बाईनं तिला मिठी मारली, पायाची चौकशी केली, मीटर दाखवला, कोरा चहा दिला आणि हात बांधून उभी राहिली. उमसुनाय सवयीनं म्हणाली, "नको हं आज, खरंच नको."

"बरं एजे," बाई म्हणाली.

उमसुनाय दारातच थबकली. आयुष्यात तिच्या नकाराला कुणी बरं म्हटलं नव्हतं. रस्त्यावर आल्यावर तिला आधी हलकं वाटलं, मग जरा लागलं. आपलं काही चुकलं का? पुन्हा गाढवाची गोष्ट निघाली की काय? दुसऱ्या घरी टेबलावर कापड अंथरलेलं होतं आणि कापडावर काही नव्हतं. मुरंब्याची बरणी तिच्या देखत उचलून आत नेणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर तर परीक्षेत पहिली आल्यासारखं तेज होतं. तिसऱ्या घरी उमसुनायनं लाज सोडून सांगितलं, "एक तुकडा नान दे ग." ती बाई हसली. "आमची परीक्षा घेता का एजे? आम्ही नाही चुकायच्या," म्हणाली, आणि पेलाभर पाणी दिलं.

चौथं घर कालिपाचं. तिथवर पोचेतो उमसुनायच्या मानेवरून घाम ओघळत होता आणि मीटरचे आकडे पाण्यात पडल्यासारखे हलत होते. काय झालंय ते तिला कळत होतं. पण साखर उतरली की शरीराआधी स्वभाव जातो. तिनं हातातला टॉर्च भिंतीवर फेकला आणि कालिपाला अशा शिव्या दिल्या की कालिपाची जाऊ मुलांना घेऊन मागच्या खोलीत गेली आणि तिथूनच म्हणाली, चढली, साखर चढली. कालिपानं उमसुनायला बाकावर बसवलं आणि तिचे दोन्ही हात आपल्या हातात घट्ट धरले. साखरेचं भांडं समोर कपाटावर होतं.

"साखर दे कालिपा," उमसुनाय म्हणाली. जीभ जड झाली होती.

"नाही एजे. हात वर करून शब्द दिलाय आम्ही."

"मरेन मी."

"आम्ही असताना? मुळीच नाही."

उमसुनायनं उठून भांड्याकडे हात टाकला तर जावेनं धावत येऊन भांडंच उचललं आणि झग्याच्या घोळाखाली लपवलं. आरडाओरडा ऐकून शेजारणी आल्या. एकीनं नर्सला फोन लावला, तो लागेना. एक मुल्लाला आणायला पळाली. एकीनं ओला फडका कपाळावर ठेवला. एका शहाणीनं तर शिसं आहे का घरात, असं विचारलं. इतकी माया, इतकी धावपळ, आणि एकीच्याही हातात एक गोळी नाही. भीक नको पण कुत्रा आवर म्हणतात, इथं भीकही बंद केलेली आणि कुत्रंही सुटलेलं. त्या गडबडीत तिचे हात सुटले आणि ती भिंतीला धरून बाहेर पडली. डोकं चालत नव्हतं, पण पायांना पुढचं घर पाठ होतं.

पुढचं घर सैकाल आपांचं. या आपांनी तिला जितकं छळलं तितकं त्या आजारानंही छळलं नसेल. साखरेचा आजार म्हणून काही असतो हेच त्या मानत नव्हत्या. आमच्या लहानपणी साखरच नव्हती, मग आजार कुठून येणार, हा त्यांचा सवाल. प्रत्येक फेरीला त्या दोन तुकडे खायला लावायच्या, तिसरा खिशात कोंबायच्या. त्या फाटकाशी उन्हात बसल्या होत्या. समोरून उमसुनाय आली ती फाटकाच्या खांबाला धरून खाली घसरली आणि कशीबशी म्हणाली, "आपा, नान."

गेल्या कित्येक वर्षांत या पोरीनं आपांकडे कधी काही मागितलं नव्हतं. म्हातारी उठून आत गेली. ताजा नान फाडला, मुरंब्याच्या बरणीत मनगटापर्यंत बुडवला आणि बाहेर येऊन उमसुनायच्या तोंडात घातला. तोवर कालिपा आणि तिची फौज गल्लीतून धावत आली. आपा, नको, मारून टाकाल तिला, असा एकच गलका. आपांनी डाव्या हातानं काठी उचलली, उजव्यानं दुसरा घास भरवला.

"तुम्ही काय अन्नापेक्षा मोठ्या झालात?" त्या म्हणाल्या. "सरा मागे."

बायका मागे सरल्या आणि तिथंच उभ्या राहून उमसुनायच्या मरणाची वाट बघत रडू लागल्या. उमसुनाय मुरंबा गिळत होती, हनुवटीवरून ओघळत होता तो बोटानं पुसून चाटत होती. थोड्या वेळानं तिचे हात स्थिर झाले. आणखी थोड्या वेळानं तिनं मान वर करून बघितलं, कालिपाला ओळखलं आणि टॉर्च फेकल्याबद्दल माफी मागितली.

यातून गावानं काय धडा घ्यायला हवा होता, ते ऐचुरोकनं सभेत सांगून ठेवलं होतं. गावानं घेतला तो असा: नान हेच औषध आहे, दवाखानावाले थापा मारतात, आणि दिलेला शब्द सैकाल आपांच्या काठीनं मोडला म्हणून आता आपण मोकळ्या. संध्याकाळपर्यंत वरच्या आळीतून उमसुनायच्या घरी मुरंब्याच्या बरण्यांची रांग लागली. सकाळी जिला गोडाचा कण द्यायचा नव्हता तिला संध्याकाळी बरणीत बुडवायची तयारी. आमचं गाव चुकत नाही असं नाही, पण अर्धवट चुकणं त्याला जमत नाही.

पण हे संध्याकाळचं झालं. त्याआधी, बायका पांगल्यावर, उमसुनाय आपांच्या घरी बराच वेळ बसून होती. यंत्र काढून बोट टोचलं, आकडा पाहिला, आणखी अर्धा नान खाल्ला. आपा यंत्राकडे तोंड वाकडं करून बघत होत्या. मग उमसुनायनं सांगून टाकलं. आज तुमच्या मुरंब्यानं जीव वाचला, आपा. पण इतकी वर्षं हाच मुरंबा मी भीत भीत गिळत आले, कारण नको असताना खाल्ला की तोच माझे पाय, माझे डोळे खातो. टाचेचा फोड चिघळला तोही काही त्याच्यावाचून नाही. हे बोलताना तिला वाटलं, आता म्हातारी काठी उचलणार.

आपांनी काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाल्या, "म्हणजे कधी द्यायचं आणि कधी नाही? ते सांग ना तू."

आणि उमसुनाय रडली. मोठ्यानं, तोंड झाकायचंही सुचलं नाही. तिला आजवर सगळ्यांनी सांगितलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, बायकांनी सांगितलं, शिसं ओतणारीनं सांगितलं, पेपर वाचून शार्शेननंही सांगितलं. विचारलं कुणी नव्हतं. विचारलं ते या एकटीनं, जी त्या आजाराला आजारच मानत नव्हती.

"माझं मलाच आधी कळत नाही, आपा," ती म्हणाली. "रोज बोट टोचून बघावं लागतं. तुम्ही मला विचारत जा. इतकंच."

आपांचा चेहरा उतरला. दारात आलेल्या माणसाला खाणार का असं विचारायचं? असलं कद्रू लोक विचारतात. वाढायच्या आधी विचारणं म्हणजे नको म्हण असं सांगणं. त्यांच्या सासूनं कधी कुणाला विचारलं नव्हतं, त्यांनी स्वतः उभ्या जन्मात विचारलं नव्हतं. त्या म्हणाल्या, हे माझ्याच्यानं होणार नाही, पोरी, दुसरं काही माग. उमसुनायनंही ताणून धरलं नाही. पिशवी उचलली, टॉर्च कालिपाकडून घेतला आणि घरी गेली. जाताना आपांनी तिच्या खिशात तिसरा तुकडा कोंबलाच.

पुढच्या महिन्यात वरच्या आळीची फेरी आली. या खेपेला उमसुनायनं पिशवीत साखरेचे खडे ठेवले होते आणि सुई घेतली नव्हती. आधी घास, मग सुई, असं तिनं ठरवलं होतं, नाइलाजच होता. पहिल्या चार घरांनी मागच्या महिन्याची भरपाई केली. कालिपानं तर एका तुकड्यावर तीन मुरंबे घातले. चौथ्या घरातून बाहेर पडून उमसुनायनं कुंपणाआड बोट टोचलं. आकडा असा चढला होता की तो बघून जिल्ह्याच्या डॉक्टरांनी डोक्याला हात लावला असता. तिनं सुई टोचली आणि पुढे निघाली. आता आणखी दोन घरांएवढं एक घर बाकी होतं.

सैकाल आपा फाटकाशी उभ्या होत्या. हातात नान होता, नानवर साय आणि मुरंबा, नेहमीसारखा ढीग. सगळी आळी आपापल्या कुंपणावरून बघत होती, मागच्या महिन्यापासून हे घर म्हणजे जत्राच झाली होती. आपांनी एकदा आळीकडे पाहिलं, घसा खाकरला. मान एवढी लाल झाली की उमसुनायला वाटलं, यांनाच काही होतंय.

"खाशील का ग?" आपांनी विचारलं. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

कुंपणावरच्या एकदोघी डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडाला लावून हसल्या. म्हातारी वयाच्या या टोकाला कद्रू झाली.

"आज नको, आपा," उमसुनाय म्हणाली.

आपांनी पुढे केलेला हात मागे घेतला. तसा तो त्यांनी जन्मात कधी घेतला नव्हता. दारात आणलेलं अन्न तसंच आत न्यायचं नसतं, म्हणून त्या तिथंच फाटकाशी उभ्या राहिल्या आणि सगळ्या आळीच्या देखत तो घास त्यांनी स्वतः खाल्ला, शेवटच्या कणापर्यंत. मग हात झग्याला पुसून त्या म्हणाल्या, ये, मीटर बघ.